ढिला बोल्ट

एकोणीसशे अडतीस सालच्या दसऱ्याला सोनाळ्याच्या हिंमतरावांच्या मोटारीची पूजा त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीने, मंजुळाबाईंनी केली. घरची सून माहेरी गेली होती. दुसऱ्या दिवशी मोटार सुरूच होईना. भोंगा घोगरा, दिवे विझत्या निखाऱ्यासारखे.

"मोकळ्या कपाळाचा हात लागला. दुसरं काय!" चुलती गोजरबाई ओसरीवरून म्हणाल्या.

मंजुळाबाईंनी पूजेचं तबक कोनाड्यात ठेवून दिलं, पुन्हा उचलायचं नाही असं ठरवून.

तिसऱ्या दिवशी खामगावहून अब्दुल गनी मिस्त्री आले. आधी चहा घेतला, मग इंजिनावरचं झाकण उघडलं.

"नवी बॅटरी लागते का, मिस्त्री?" हिंमतरावांनी विचारलं.

"विहिरीत पानी हाय, मोट चालू हाय, अन् वाफा कोरडा. मंग आधी काय पाह्यता, राव?"

"पाट. कुठं फुटला तं."

"हाव. पन हे विजेचं पानी वाफ्यात जिरत नाही. दिव्यात जाते अन् पुन्हा विहिरीत येते. जायचा पाट म्हनजे ह्या तारा. यायचा कोनता?"

हिंमतरावांनी वाकून पाहिलं. "परतीची तार तं दिसतच नाही."

"मोटारीचं सारं लोखंडच परतीचा पाट. अन् लोखंडातून बॅटरीत यायले ही एकच जाड पट्टी."

मिस्त्रींनी एका जाड तारेचं एक टोक बॅटरीला, पट्टी जिथे जोडली होती तिथे लावलं, दुसरं उघड्या लोखंडाला. हिंमतरावांनी कळा दाबल्या; दिवे लख्ख पेटले. भोंगा असा ओरडला, की गोजरबाईंच्या हातातलं गव्हाचं सूप पडलं.

"बॅटरी चांगली, तारा चांगल्या. अडलं ते या पट्टीपाशी."

पट्टी जिथे लोखंडाला बसवली होती, तो बोल्ट तेलात कालवलेल्या शेंदराने माखला होता. मिस्त्रींनी दाराशी उभ्या मंजुळाबाईंकडे पाहिलं.

"बाई, हे तुमी लावलं?"

"हाव," त्या हळूच म्हणाल्या. "सगळ्यात मोठा दिसला. म्हनलं, हाच मुख्य असंन."

"मुख्यच हाय. बरोबर वळखला."

"पाहा! मोकळ्या कपाळाचा हात! मी काय म्हनत होती?" गोजरबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी पाना बाजूला ठेवला आणि नुसत्या दोन बोटांनी तो बोल्ट फिरवून दाखवला.

"घट्ट बोल्टावर डबाभर शेंदूर ओता, आत जात नाही. हा ढिला होता. तेल आत शिरलं, पट्टी अन् लोखंडाच्या मधात बसलं. तेलातून वीज जात नाही. कोनं खोलला होता?"

हिंमतराव मान खाजवू लागले. "मीच. दसऱ्यासाठी धुवाले बॅटरी काढली होती. मंग पाना सापडला नाही, हातानंच आवळला."

"काकू," मिस्त्री गोजरबाईंना म्हणाले, "आता या हाताले काय म्हनाचं?"

गोजरबाई सांडलेले गहू वेचू लागल्या.

मिस्त्रींनी मंजुळाबाईंपुढे फडकं धरलं. "तुमी पुसा, बाई. पूजा तुमची हाय, मी कसा पुसू?"

त्यांनी पुसलं. मिस्त्रींनी पट्टी घासून चकचकीत केली, पान्याने बोल्ट आवळला. मोटार पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

मंजुळाबाई आत गेल्या आणि कोनाड्यातलं तबक घेऊन आल्या. शेंदरात बोट बुडवून थबकल्या.

"पयले तुमचा पाना द्या, मिस्त्री. यंदा त्याचीच पूजा राह्यली."

मिस्त्री हसले. पाना पुढे करत म्हणाले, "दांड्याले लावा, बाई. तोंडाले नको."