दुसरा फटका

गोदावरी राऊत वारली त्याला तीन वर्षं झाली, पण तिच्या पाटावरची ऊब काही गेली नव्हती. चुलीपाशी भिंतीला लागून तो सागवानी पाट होता. रोज सकाळी दुकानात निघायच्या आधी त्र्यंबकनाना वाकून त्यावर तळवा ठेवायचे. आत्ताच उठून परसात गेलेल्या माणसाची असते तशी ऊब. मग ते चप्पल घालायचे आणि निघायचे. स्वतः त्या पाटावर ते कधी बसले नाहीत. तिची जागा होती ती.

नानांचं सलून हिंगणवेढ्याच्या स्टँडासमोर. एकच खुर्ची, चाळीस वर्षं तीच. एक गिऱ्हाईक उठलं की दुसरं बसायच्या आत नाना खांद्यावरचा पंचा काढून गादीवर दोन फटके मारायचे. लोकांना वाटायचं, केस झटकतात. केस पहिल्या फटक्यातच जातात. दुसरा फटका आधीच्या माणसाची ऊब घालवायला. तापल्या गादीवर नव्या माणसाला बसवायचं नाही, ही नानांच्या वडलांची शिकवण.

लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात गोदावरी डबा घेऊन दुकानात आली होती. तिनं ते पाहिलं आणि घरी आल्यावर विचारलं, "दुसरा फटका कशाला?"

"ते मागं राहतं ना माणसाचं. बूड उठलं तरी गादीत राहतं ते."

"त्याला काय म्हणायचं?"

नानांनी विचार केला. "काही म्हणत नाहीत त्याला."

ती तांदूळ निवडत होती. एक खडा काढून तिनं बाजूला टाकला आणि म्हणाली, "मग हुंबळ म्हणा."

हा शब्द तिनं कुठून आणला ते तिलाही सांगता आलं नसतं. पण तेव्हापासून त्या घरात हुंबळ होती. थंडीच्या दिवसांत ती म्हणायची, "या, हुंबळ आहे तोवर बसा," आणि उठून त्यांना जागा द्यायची, पण ते बाजूच्या पोत्यावर बसायचे. बाहेर हा शब्द कुणी उच्चारला नाही. अंथरुणा-पांघरुणासारखी ती घरातली वस्तू होती.

ती गेल्यावर तीन वर्षांनी, एका गुरुवारी, अश्रुबा घोलप दाढीला आला. हा शेजारचाच. एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त. पण बोलायची सवय निवृत्त झालेली नव्हती.

"नाना, एक विचारू? तुम्ही दोन फटके मारताय. दुसरा कशापायी ओ?"

नाना सकाळपासून उभे होते. कंटाळलेला माणूस खरं बोलतो, कारण खोटं रचायला ताकद लागते. "हुंबळ जावी म्हणून," ते म्हणाले.

शब्द बाहेर पडला तसा त्यांनी पाहिला. आरशासमोरून गेला आणि अश्रुबाच्या सदऱ्याला चिकटला. अश्रुबा त्याला तसाच घेऊन चहाच्या टपरीकडे गेला.

त्या संध्याकाळी नानांनी पाटावर हात ठेवला. डाव्या कडेला सुपारीएवढी जागा थंड होती.

शब्दाचं कसं असतं, तो ज्याच्या तोंडी बसतो त्याला वाटतं आपणच घडवला. शुक्रवारी टपरीवरचे लोक बाकड्याला हात लावून म्हणत होते, "हुंबळ हाय अजून." रविवारी तीच मंडळी दुसऱ्याच्या जागेवर टेकायला 'हुंबळ खाणं' म्हणू लागली. पुढच्या आठवड्यात फुकट्या माणसाला हुंबळ्या म्हणायचं ठरलं. ठरवलं कुणी, तर कुणीच नाही. कॉलेजच्या मुली मैत्रिणीच्या डब्यात हात घालणारीला हुंबळी म्हणत. इकडे नाना रोज सकाळी पाट तपासत. सुपारी गेली, लिंबाएवढं थंड झालं, मग भाकरीएवढं.

नाना अश्रुबाच्या दारात गेले.

"अश्रुबा, तो शब्द परत दे."

"कंचा?"

"त्या दिवशी नेलास तो."

अश्रुबानं खिसे चाचपले. खरंच चाचपले. "माझ्याकडं न्हाई आता. मी स्टँडापतूर नेला, पुढं त्यो त्याच्या पायानं गेला. तुमच्या कामाचा व्हता व्हय?"

"आमच्या घरातला होता."

"मग बाहीर कशाला काढला?"

नाना तिथूनच वळले. ते स्टँडावर गेले. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं वहीत न बघताच सांगितलं, "मंगळवारच्या लातूर गाडीनं गेला. गर्दी होती, उभ्यानं गेला."

"परतीचं काही?"

"गेलेलं येतं कधीतरी, काका. गाडी तीच असती."

नाना रोज दुपारी दुकान बंद ठेवून लातूर गाडीची वाट बघू लागले. नवव्या दिवशी एक वऱ्हाड उतरलं आणि त्यांच्याबरोबर शब्दही उतरला. नानांनी लगेच ओळखला. शब्दानं नानांना ओळखलं नाही. तो उन्हानं रापला होता, अंगावरचं मऊपण गेलं होतं आणि त्याचा अर्थ आता 'ऊठ' असा झाला होता. लातुरात कुणीतरी हुंबळ्याला जागेवरून हाकलताना नुसतं "ए, हुंबळ" म्हटलं असणार, आणि तेवढंच शिल्लक राहिलं.

दुकान उघडल्यावर वऱ्हाडातला एक तरणा माणूस, नवरदेवाचा भाऊ, दाढीला आला. खुर्चीत अश्रुबा होता, अर्ध्या गालाला फेस.

"काका, हुंबळा की. मुहूर्त टळंल आमचा."

अश्रुबा उठला. आणि दोघांपैकी कुणालाच त्या खुर्चीत पुन्हा बसता आलं नाही. कंबर वाकायची, गुडघे वाकायचे, पण गादीच्या चार बोटं वर माणूस थांबायचा. खुर्ची घेत नव्हती. नानांनी उरलेली अर्धी दाढी उभ्यानंच केली आणि नवरदेवाच्या भावाचीही.

ज्या जागेपाशी नवा शब्द बोलला जाई ती जागा माणूस घेईनाशी होई. आणि बसलेल्याला उठवायचं म्हटलं तर गावाकडे आता दुसरा शब्दच उरला नव्हता. पाच दिवसांत टपरीचं बाकडं गेलं, शाळेतले बाक गेले, देवळाची पायरी गेली. लग्नाची पंगत उभ्यानं जेवली. पोरं भिंतीला वही टेकवून गणितं सोडवू लागली. आडवं व्हायला बंदी नव्हती म्हणा, पण आडवं व्हायच्या आधी बसावं लागतं, तिथंच सगळं अडायचं. गाव भिंतीला टेकून झोपू लागलं. भांडणंही बंद पडली, कारण भांडून झाल्यावर बसायला जागा लागते. सगळ्यांच्या पोटऱ्या सुजल्या होत्या. कुणी कुणाला कसे आहात विचारत नव्हतं.

नानांच्या पाटावर आता मधोमध तळव्याएवढीच ऊब उरली होती. पण तो नवा शब्द त्या घरात कुणी बोललं नव्हतं, कारण त्या घरात उठवायला कुणी नव्हतं.

वऱ्हाड उतरल्याच्या अकराव्या दिवशी अश्रुबा दारात आला, चौकट धरून उभा राहिला आणि बोलायचं विसरून आत बघत राहिला. पाटावर बोका बसला होता. चांगला पाय दुमडून, शेपूट भोवती घेऊन.

"नाना," अश्रुबा हळू म्हणाला, "त्यो बसलाय."

नानांनी बोक्याला हाकललं. "त्याला हजारदा सांगितलंय."

"पाट घेतोय, नाना."

"ती गोदावरीची जागा आहे."

"मी कुठं न्हाई म्हन्तो. वैनींच्या हातचा चहा पिलेला मानूस मी." त्यानं एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेतलं. "पर आमची लेक, रेवती. नववा लागलाय. आठ दिस झालं, भिताडाला लागून हाय. माजं ऱ्हाऊ द्या, माजं पाय गाडीतच गेल्यात."

नानांनी परसाचं दार लावून घेतलं. अश्रुबा गेला. पण तो कंडक्टर होता. एकदा एका माणसाला सांगितलं की सगळ्या गाडीला कळतं.

दुपारी चारला बाहेर पावलांची खसफस सुरू झाली. नानांनी खिडकीतून पाहिलं. दारापासून रांग लागली होती, स्टँडापर्यंत. आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. लोक एकमेकांच्या खांद्यावर कपाळ टेकून उभे होते. सगळ्यांत पुढे रेवती, एक हात कमरेवर, पाय पपईसारखे सुजलेले.

एवढी माणसं एकामागून एक बसली की त्या तळव्याएवढ्या जागेचं काय होणार हे नानांना कुणी सांगायला नको होतं. चाळीस वर्षं त्यांचा तोच धंदा होता. ते वळले, चुलीपाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पाटावर बसले.

पाटानं त्यांना घेतलं. ऊब अगदी मधोमध लागली, आणि मग वर चढली, कमरेपर्यंत, पाठीपर्यंत. त्यांचे गुडघे सुटले. ही अशी बसायची तर, त्यांना वाटलं. इथून परस दिसतं. इथून दारही दिसतं, दारातून येणारं माणूस आधी दिसतं. पस्तीस वर्षं ती इथून बघत होती.

दारात रेवती होती. तिच्यामागे अश्रुबा, त्याच्यामागे गाव.

"नाना," ती म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता. आवाजच फार नव्हता. "मला ठाऊक हाय काकूंचा पाट हाय. पन..."

तिनं शब्द शोधला. तोंडाशी आलेला मागे ढकलून दुसरा शोधला, हे नानांना दिसलं. ओठ दोनदा हलले. पण गावात दुसरा शिल्लक नव्हता.

"जरा हुंबळा की."

नानांना वाटलं होतं की घरात तो शब्द ऐकला तर काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. तिच्या तोंडून तो थकलेला आला, इतका थकलेला की त्यातला लातूरचा रापलेपणा निघून गेला होता आणि त्याचा अर्थ ऊब की ऊठ हे ऐकणाऱ्याला ठरवता आलं नसतं. नाना गुडघ्यावर हात रोवून उठले.

उठल्या उठल्या त्यांनी वाकून पाटावर तळवा ठेवला. पाट सगळा तापला होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सुपारीएवढीही जागा थंड नव्हती. त्यातलं तिचं किती आणि आपलं किती, हे तळव्याला सांगता येईना.

रेवतीनं भिंत धरली आणि वाकायला सुरुवात केली. कंबर वाकली, गुडघे वाकले. मागे रांगेतली कपाळं खांद्यांवरून वर झाली. पाटाच्या वर चार बोटं अंतर उरलं, आणि नवं माणूस बसतंय म्हटल्यावर नानांचा हात आपोआप खांद्यावर गेला होता. पंचा दुसऱ्या फटक्यासाठी वर उचललेला होता. पहिला फटका बसून गेला होता.