उणे दोनशे बत्तीस

वापरलेल्या मीटरची किंमत ठरवणं हे माझं काम. गेली एकोणीस वर्षं लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका गोडाऊनमध्ये टेबलामागे बसून मी ते करते, आणि माझ्या हातून कुणाला एक पाऊंड जास्त गेलेला नाही. इलेक्ट्रिशियन लोक वायरिंग तपासायची जुनी मीटरं घेऊन येतात आणि सगळे एकच सांगतात, "फार जपून वापरलंय." मी बॅटरीचा कप्पा उघडून वास घेते. किती जपलंय ते तिथे कळतं. कुणी मीटरच्या आठवणी सांगायला लागलं की मी सरळ पाच पाऊंड कमी करते. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या मंगळवारी सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ आले. गळ्यात टाय, हातात कापडी पिशवी. माझ्या शर्टावरचं नाव वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"जय भीम, वैजयंतीताई. मी सुखदेव. एअरपोर्टला मेंटेनन्समध्ये होतो, आता रिटायर्ड. एका मीटरची व्हॅल्यू काढून हवी होती. विकायचं नाहीये. फक्त स्लिप द्या. शंभर पाऊंडांच्या वरची."

विकायचं नाही, आणि वर आकडा आधीच ठरलेला! माझं डोकं तिथेच तापलं.

"काका, हे ज्योतिषाचं दुकान नाही. जे निघेल ते निघेल."

"निघेल तेच द्या हो," ते घाईने म्हणाले. "माझी मुलगी वैभवी नॉटिंगहॅमला असते, हॉस्पिटलमध्ये नोकरीला. शुक्रवारी मी कायमचा तिच्याकडे चाललोय. घर लहान आहे, म्हणून तिने रूल केलाय. हंड्रेडच्या वरची वस्तू घरात येईल, खालची सगळी विकून टाकायची. सोफा गेला, कपाट गेलं, कुकर आठ पाऊंडांना गेला. मी कशालाच नाही म्हटलं नाही. पण हे मला न्यायचंय."

त्यांनी पिशवीतून मीटर काढलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा घातला. झाकणावर, पाठीवर, कडांवर, बटणांच्या मधल्या जागेतसुद्धा मराठीत नावं कोरलेली. स्टीलच्या डब्यांवर आणि पातेल्यांवर घालतात ना, तशी. कुलकर्णी, लॅम्प्टन रोड. गायकवाड, वरचा मजला. देविका आणि मंडळी.

"हे काय केलंय?"

"मी रविवारी आपल्या लोकांच्या घरातलं वायरिंग फुकट तपासायचो. कांता, माझी मिसेस, बरोबर यायची. तिच्याकडे भांड्यांवर नावं घालायचं मशीन होतं, अख्ख्या हाउन्सलोची भांडी तिच्या हातची. घर पास झालं की ती त्या घराचं नाव मीटरवर घालायची. पातेल्याला नाव असतं तर मीटरला का नको, असं तिचं म्हणणं."

मी मीटर तपासलं. वास स्वच्छ, रीडिंग अचूक, कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट मार्चमधलं. किंमत निघाली एकशे ऐंशी. काकांनी टाय सारखा केला. मग कॉम्प्युटरने पुढचा रकाना उघडला: बाहेरच्या आवरणावरच्या कायमच्या खुणा, प्रत्येकी वजा दोन पाऊंड, घासून काढण्याचा खर्च.

मी मॅनेजरला फोन करून विचारलं, एक नाव म्हणजे एक खूण धरायची की प्रत्येक अक्षर वेगळं? त्याने नियम पुन्हा वाचून काढला. मग म्हणाला, एक नाव, एक खूण. माणूस तसा दयाळू आहे.

मोजायला पाऊण तास लागला. दोनशे एक नावं भरली. कॉम्प्युटरला लाज नसते. त्याने उणे दोनशे बावीस असा आकडा दाखवला आणि खाली लिहिलं, ही रक्कम विक्रेत्याने भरावी.

"ताई," काका हळूच म्हणाले, "मीटरच्या पट्ट्याखाली पाच राहिली."

मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. "काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

"मोजणी बरोबर हवी ना. रीडिंग खोटं लिहिलं तर घर जळतं."

पाच नावं भरली. उणे दोनशे बत्तीस. काका खाली बसले आणि त्या नावांवरून बोट फिरवत राहिले.

"हे कांताचं अक्षर आहे. दोन वर्षं झाली तिला जाऊन. तिने मला पत्र कधी लिहिलंच नाही. आम्ही लांब राहिलोच नाही ना कधी. तिचं लिहिलेलं माझ्याकडे एवढंच आहे."

पाच पाऊंड कमी करायचं मी विसरले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला. खुणांच्या रकान्यात शून्य टाकलं की काम होणार होतं. माझं बोट त्या बटणाकडे गेलेलं काकांनी पाहिलं.

"नको ताई. खोटी स्लिप दाखवून हे घरात न्यायचं आणि रोज तिच्या अक्षराकडे बघायचं, हे मला जमणार नाही."

त्यांनी फोन काढून टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"बाबा, मी ब्रेकवर आहे, क्विक सांगा," पलीकडून वैभवीचा आवाज आला. "व्हॅल्यू किती आला?"

"मायनस दोनशे बत्तीस."

"मायनस म्हणजे?"

"म्हणजे ह्यांना विकायचं, तर वर आपणच दोनशे बत्तीस पाऊंड द्यायचे."

पलीकडे कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"व्हॉट? आपला वस्तू त्यांना द्यायची आणि पैसे पण आपणच द्यायचा? आर दे मॅड? बाबा, तुम्ही काही साइन केला नाही ना?"

"नाही."

"एक पेनी देऊ नका. ती मीटर उचला आणि सरळ इकडे घेऊन या."

"अगं, पण तुझा रूल? हंड्रेडच्या वर..."

"टू हंड्रेड अँड थर्टी टू वाचले ना आपले! हंड्रेडच्या वरच झाला की. आणा इकडे. बाय."

फोन बंद झाला. काका मीटर छातीशी धरून उभे राहिले. आनंद झाला होता, पण माणूस पक्का. खात्री करून घेतल्याशिवाय पाऊल उचलेना.

"ताई, तुम्ही यातल्या जाणकार. हिचा हिशोब बरोबर आहे का?"

जुनी मीटरं कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, फुकट घेतात. एक पैसा पडत नाही. आमच्याकडे ज्यांचा माल घेत नाहीत, त्या प्रत्येकाला मी तिथला पत्ता लिहून देते.

"अगदी बरोबर आहे," मी म्हणाले, आणि स्लिपवर शिक्का मारून दिला.