नळाखाली धरलेले पिंप

मित्रांनो, मी एक जुने लाकडी पिंप आहे, पाठीवर बांधायचे. आमच्या गावाखाली खोल दरीत लानत्सांग नदी वाहते. तिच्या काठी खाऱ्या पाण्याची विहीर आहे आणि वर डोंगराच्या अंगावर, लाकडी खांबांवर मातीचे वाफे. बायकांनी विहिरीचे पाणी वर वाहायचे, वाफ्यांत ओतून वाऱ्यावर वाळवायचे आणि मीठ धरायचे. पुरुष ते खेचरांवर लादून विकायला जात आणि मोठ्या तोऱ्यात परत येत. ओझे कोणी वाहिले, हे कोणी विचारत नसे.

यांगझोमने मला चाळीस वर्षे वाहिले. तिच्या पाठीला घट्टे पडले, माझ्या फळ्यांत मीठ मुरले. पुढे ट्रकमधून पिशवीतले मीठ आले आणि बऱ्याच घरांतली पिंपे सरपणात गेली. तिने मला ठेवले, वाफाही सोडला नाही.

यंदा पीच फुलायच्या महिन्यात तिचा गुडघा धरला. या महिन्यात ज्या वाफ्यात मीठ धरत नाही, तो वाफा गाव दुसऱ्या घराला देते. तिने मुलाला, लोसांगला, गळ घातली.

"बायकांचं काम ते. लोक हसतील, आई."

"हसू देत, दात तरी दिसतील त्यांचे. एवढा महिना रोज दोन खेपा घाल, बाबा."

"बरं, घालतो."

खेपा त्याने घातल्या. पण विहिरीची उतरण त्याच्या जिवावर येई, म्हणून तो मला घरामागच्या नळाखाली धरी. मला तोंड असते तर मी ओरडले असते! गोड्या पाण्याने वाफ्यात मुरलेले जुने मीठही धुऊन नेले.

विसाव्या दिवशी यांगझोम काठी टेकत वाफ्यावर आली. तिथे नुसता चिखल होता. तिने माझ्या तळाशी बोट फिरवून चाखले.

"गोड आहे."

"पाणी ते पाणी, आई."

"ह्याच वाफ्याच्या मिठावर वाढलास ना रे तू?"

ती रडली नाही. वाफा शेजारणीला द्या, असे तिनेच गावाला सांगितले.

आता लोसांगने घरातच पर्यटकांसाठी पाहुणघर काढले आहे आणि मी त्याच्या दारात असते. पाहुण्या बायका मला रिकामेच पाठीवर घेऊन फोटो काढतात. "आमच्या आईचं आहे," असे तो अभिमानाने सांगतो. आई आतल्या खोलीत असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगायची आम्हा वस्तूंची रीत आहे. पण मला कोणी टाकलेले नाही. माझ्या फळ्यांना दर महिन्याला तेल लावतात. यांगझोमच्या गुडघ्याला कोणी लावत नाही.