ओली कानटोपी आणि दमलेले कोअर

खिडकीतून उतरलेली दुपार टेबलावरच्या लॅपटॉपवर विसावली होती, आणि समोर बसलेला तरुण त्या दुपारकडे आणि पडद्यावरच्या आकड्यांकडे सारख्याच उदासपणे पाहत होता.

त्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम उपसणारे भाग, होते: मोठे, ताकदीचे पण वीज खाणारे, आणि छोटे, काटकसरी. कोणते काम कोणाकडे द्यायचे हे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, ठरवतो, आणि त्यासाठी एक मोठा कोअर किती छोट्यांच्या तोडीचा, हे त्याला सांगावे लागते; आकडा बरोबर असला की कामे नीट वाटली जातात आणि यंत्र थंड राहते. ते मोजण्याचे काम या तरुणाने अंगावर घेतले होते. संध्याकाळी नव्या आवृत्तीत बदल घेण्याचे दार बंद होणार होते, आणि याच्या मापनात मोठे कोअर छोट्यांपुढे धापा टाकत होते.

सकाळी कर्नल लिहिणाऱ्यांच्या सामायिक मेलिंग लिस्टवर पाठवलेल्या आकड्यांना हेडमास्तरांचे उत्तर आले होते. बदल तपासून स्वीकारणाऱ्या गृहस्थांना सगळे मागून हेडमास्तर म्हणत. त्यांनी लिहिले होते, "हत्ती सशापुढे दमला? कारण कळवा."

तेवढ्यात आई आली आणि तिने लॅपटॉपच्या मागून काहीतरी ओलसर उचलले.

"आई, हे काय?"

"बाबांची कानटोपी. मागच्या जाळीतून छान गरम वारा येतो रे. सकाळपासून वाळत घातलीय."

"सकाळपासून?"

"मधूनमधून उलटत होते की. तुझं डोकं त्या पडद्यात. घर उचलून नेलं तरी तुला पत्ता लागायचा नाही."

जाळी बुजलेली, मोठे कोअर तापले आणि जीव वाचवायला त्यांनी वेग उतरवला. छोटे मुळातच थंड डोक्याचे. त्याने पुन्हा मोजले, हत्ती हत्तीसारखा धावला. नवे आकडे घालून त्याने कर्नल सुरू केला.

पण कारण लिहायचे होते, तेही जगभरच्या लोकांसमोर. शेजारी दिसले की जिना बदलणारा तो. त्याने नव्या आकड्यांसोबत लिहिले, "मापन सदोष होते. हवेच्या जाळीवर वडिलांची ओली कानटोपी वाळत होती." आणि डोळे मिटून पाठवले.

उत्तर आले: "बदल स्वीकारला. कानटोपी वाळली का?"

त्याने मान वळवली. आई टोपी जाळीमागे धरून खट्टू होऊन उभी होती.

"कसली वाळतेय? आता नुसता गार वारा. चांगलं चाललेलं यंत्र बिघडवलंस बघ."

त्याने अत्यंत समाधानाने उत्तर लिहिले: "नाही, सर."