आम्ही अकरा पिंडरगार्थ

आमच्या आडनावाची माणसं अख्ख्या जगात अकरा आहेत. क्रिकेटचा संघ होईल, पण कुणाचा पाय मुरगळला तर बारावा गडी मिळायचा नाही. पाचजण आम्ही इथे गिलर्सबीत, तिघं हल शहरात, दोघं न्यूझीलंडमध्ये लोकांचे दात काढतात, आणि एक काका कुठे असतात ते त्यांचं त्यांना माहीत. आजोबांच्या हिशेबानं साडेदहाच, कारण आई लग्नानं आलेली, म्हणून तिला ते अर्धीच मोजतात.

मागच्या सत्रात इतिहासाच्या तासाला सरांनी प्रत्येकाला संगणकावर आपलं आडनाव शोधायला लावलं. नाव टाकायचं, की त्या नावाची माणसं इंग्लंडच्या नकाशावर लाल ठिपक्यांनी उगवतात. माझी मैत्रीण इमोजन स्मिथ आहे. तिचा नकाशा गोवर उठल्यासारखा झाला. माझ्या नकाशावर हल शहरात एक टिंब आणि यॉर्कशरच्या डोंगरात एक फिकट ठिपका आला, आणि इमोजननं तो ठिपका बाहीनं पुसायला घेतला.

"अगं, ते आम्ही आहोत!" मी ओरडले.

"मला वाटलं जॅम सांडलाय," ती म्हणाली.

नावाचा अर्थ मात्र मला संगणकाला विचारावा लागला नाही. तो आमच्या गावाच्या मधोमध दगडात उभा आहे. पिंडर म्हणजे चुकार जनावरं धरून कोंडणारा, गार्थ म्हणजे आवार. म्हणजे आम्ही पिढ्यान् पिढ्या तो दगडी कोंडवाडा सांभाळणारे. कुणाची मेंढी दुसऱ्याच्या ओटच्या शेतात घुसली की आमच्या पूर्वजांनी तिला शिंगाला धरून आणायचं, आणि मालक आला की त्याला चारचौघांत विचारायचं, "काय रे, तुझा गडगा कुठे ढासळलाय?" हा प्रश्न आमच्याकडे शिवीच्या वरचा. इथे माणूस चर्चला नाही गेला तर चालतो, पण त्याच्या शेताभोवतीच्या दगडी गडग्याला खिंडार दिसता कामा नये.

आता चुकार जनावरं नाहीत, पण रीत आहे. ऑगस्टच्या जत्रेत दुपारी बाराचा पहिला ठोका पडला की मैदानात एक मेंढी सोडतात. चर्चची घंटा बाराचे ठोके देते, आणि बारावा ठोका पडायच्या आत आमच्यातल्या कुणीतरी तिला कोंडवाड्यात घालून कडी लावायची. चुकलं, तर कोंडवाड्याची राखणदारी आमच्या घराण्यातून जाते. आजोबांनी एकेचाळीस वर्षं एकदाही चुकवलं नाही. पण मार्चमध्ये त्यांचा खुबा बदलला. बाबांना लोकरीनं शिंका येतात. माझा भाऊ नेड अडीच वर्षांचा आहे आणि मेंढीला कुत्रा म्हणतो.

राहिले मी.

"तू नको," आजोबा म्हणाले. "तीस-पस्तीस किलोचं जनावर असतं ते, पोरी. आणि उद्या लग्न केलंस की तू कुणीतरी स्मिथ होशील. जाऊ दे, माझ्याबरोबर संपू दे."

"मी कशाला स्मिथ होऊ? त्यालाच पिंडरगार्थ करीन! बारा होतील!"

"तो बिचारा कोण आहे, ते तरी सांग."

"अजून ठरायचंय."

आजोबा हसले, पण हो म्हणाले नाहीत. मी आईला विचारलं, ती म्हणाली, "माझं अर्धंच मत धरतात, पण ते तुला." तेवढं मला पुरलं. जत्रा समितीच्या वहीत मी स्वतःच नाव घातलं. समितीच्या प्रमुख डिन्सडेलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. गावात डिन्सडेल चाळीस आहेत. राखणदारी आमच्याकडून गेली तर कुणाकडे जाणार, हे सांगायला नकाशा लागत नव्हता.

"नीट विचार केलायस ना, बाळ? सगळ्यांसमोर पडशील हं."

"मी रोजच पडते," मी म्हणाले. "सवय आहे."

जत्रेच्या दिवशी मी आजोबांची टोपी घातली, ती नाकापर्यंत आली, मग इमोजननं मागून पिना लावल्या. मैदानात केकचे तंबू, पितळी वाद्यांचं पथक, भोपळ्यांची स्पर्धा, सगळं होतं. आजोबा कोंडवाड्याच्या भिंतीशी घडीच्या खुर्चीवर बसले होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते.

पहिला ठोका पडला. मी वळले, तर केकच्या तंबूमागून वळणदार शिंगांचा, चिखलानं माखलेला एक धिप्पाड मेंढा चालत येत होता. तोंडात अर्धा स्पंज केक. मला वाटलं, बाप रे, यंदा समितीनं मेंढा सोडलाय, मला हरवायलाच! आणि मी धावले.

दुसऱ्या ठोक्याला मी त्याच्या अंगावर. तिसऱ्याला तो माझ्या अंगावर. चौथा-पाचवा मी ऐकलाच नाही, कारण तोंड गवतात होतं. सहाव्याला मी त्याच्या हनुवटीखाली हात घातला आणि दुसऱ्या हातानं शेपटीकडून रेटलं, आजोबा करतात तसं. जनावराचं डोकं वर धरलं की ते पुढेच जातं. पथकातला एक वादक ट्रॉम्बोन घेऊनच बाजूला उडाला. "सोडू नकोस! सोडू नकोस!" इमोजन किंचाळत होती. दहा. अकरा. मेंढा आत, मी गुडघ्यांवर, कडी खट्ट! आणि मग बारावा.

लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की मला रडू आणि हसू एकत्रच आलं, आणि नाकात केक होता.

"थांबा," डिन्सडेलबाई आल्या. "हा आपला नाही. आपली मेंढी अजून गाडीत आहे. दार अडकलंय, आमचा मुलगा हातोडी आणायला गेलाय. हे धरता येणार नाही. वाईट वाटतं, बाळ, पण घंटा वाजून गेली."

टाळ्या थांबल्या.

"रीत चुकार जनावर धरायची आहे ना?" मी म्हणाले. आवाज चिरकला, पण थांबले नाही. "तुमची मेंढी गाडीतून येते, ती कुठली चुकार? हा स्वतः आलाय. साठ वर्षांतला पहिला खरा चुकार असेल हा!"

"तो चुकार आहे की कुणी मुद्दाम सोडलाय, हे त्याचा मालकच सांगू शकतो," बाई म्हणाल्या. "कुणाचा आहे?"

इमोजननं तळहातानं त्याच्या पाठीवरचा चिखल पुसला. खाली रंगानं काढलेली मालकाची खूण निघाली: निळा पट्टा, आणि खांद्यावर एक लाल ठिपका.

निळा पट्टा, लाल ठिपका. आमचा. आजोबांच्या कळपातला.

मला जमिनीत जावंसं वाटलं. सगळं गाव आजोबांकडे वळलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की कुणा टारगटानं फाटक उघडं टाकलं. त्यांची अब्रू वाचली असती. एकेचाळीस वर्षं गावात कुणाचाही गडगा ढासळला की त्यांनी तो एक प्रश्न विचारला होता, अगदी पाद्रीबुवांनासुद्धा. पण मग मेंढा चुकार ठरला नसता, आणि माझं धरणं फुकट गेलं असतं.

आजोबा काठीवर जोर देऊन उठले. वेळ घेतला त्यांनी. खुब्यामुळे नव्हे, मला कळत होतं.

"फाटक बंदच होतं," ते म्हणाले. "माझा गडगा ढासळलाय. ओढ्याच्या बाजूला. तीन आठवडे झाले. मला माहीत होतं, वाकता येत नाही म्हणून कुणाला बोललो नाही." मग डिन्सडेलबाईंकडे वळून मोठ्यानं, "मेंढा माझा आहे, चुकार आहे, आणि या पोरीनं तो रीतसर धरलाय. लिहा."

मग पाद्रीबुवांनीच तोंडावर हात ठेवून खिदळायला सुरुवात केली, आणि सगळं मैदान हसत सुटलं. डिन्सडेलबाईसुद्धा. हसता हसता त्यांनी वहीत लिहिलं: राखणदार, हेस्टर पिंडरगार्थ.

"पण रीत पूर्ण करायची हं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "गडगा ढासळू देणाऱ्या मालकाला जनावराबरोबर आत बसावं लागतं. किती वेळ, ते राखणदार ठरवणार."

मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी भुवई उचलली, जणू म्हणाले, बघू तर खरं काय करतेस.

"चहा होईपर्यंत," मी म्हणाले, आणि फाटक उघडून धरलं.

ते आत गेले. मी त्यांची खुर्ची आत दिली आणि कडी लावली. मेंढा केक चघळत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आजोबा दुसऱ्या भिंतीकडे, आणि दोघंही एकमेकांची ओळख दाखवायला तयार नव्हते. बाहेर रांग लागली. गावातला एकेकजण येऊन भिंतीवरून डुकराचं मांस भरलेला पॅटिस आत देत होता आणि अगदी काळजीच्या सुरात विचारत होता, "काय हो विल्फ्रेड, कुठे ढासळलाय म्हणालात?"

"नव्या राखणदाराला विचारा," आजोबा तोंड भरून म्हणत होते. "ती उद्या सकाळी बांधायला येतेय."