दोन्ही बाह्या डाव्या

मी मोबाईल बोलतोय. रोज तुम्ही माझ्यातून बोलता, आज जरा गप्प बसून ऐका.

कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने जन्मतात, त्याचं कौतुक नको. मला घेतलं एका शिंप्याने, डॉक्टरकी शिकणाऱ्या लेकीसाठी. पोरगी माझ्याकडे बघत जेवायची, मला उशाशी घेऊन झोपायची. वर्गात सर शिकवत असले, तरी ही बाकाखाली माझ्यात तोच धडा बघायची. समोर जिवंत माणूस घसा फोडतोय, त्याचं काही नाही.

एक खोड होती तिला. परीक्षेला नसलेला धडा अंगठ्याने सर्रकन वर ढकलायचा. 'हृदय बंद पडल्यास' हा धडा तिने घोटून पाठ केला. त्याच्यापुढचा, 'रुग्ण घरी गेल्यावर', उघडलासुद्धा नाही.

सुट्टीत ती घरी होती आणि बाप शिलाई मशीनवरच कोसळला. श्वास नाही, नाडी नाही. पोरीने त्याला जमिनीवर आडवा केला, आईला रुग्णवाहिका बोलवायला सांगितली आणि छाती दाबायला लागली. मी शेजारी पडून ठेका देत होतो, त्यावर तिचे हात चालत होते. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी विजेचा झटका दिला, तेव्हा हृदय चाललं. त्यानंतर आठवडाभर मी कुणाच्या बापाला ऐकत नव्हतो.

बाप घरी आला. भेटायला येणारे म्हणत, "वाचलास, आता कसली काळजी?" पण तो बसल्या जागी पेंगायचा. चहा पिऊन पुन्हा चहा मागायचा. सुई सापडली नाही म्हणून रडायचा.

"सोंगं आहेत सगळी," आई म्हणायची. तापट बाई.

मग त्याने एक सदरा कापला. बाह्या कापताना कापडाची दुहेरी घडी घालतात, म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. हा घडीच विसरला. दोन्ही बाह्या डाव्या.

"गिऱ्हाईकाला दोन डावे हात आहेत का हो?" आईने विचारलं.

त्याने कात्री तिच्या हातात दिली. "दुकान विकून टाक. माझ्याच्याने आता व्हायचं नाही."

आई पोरीवर उलटली. "छाती दाबायला शिकलीस, बरं झालं. पुढचं काय? तुझ्या त्या डबीत आहे का काही?"

"आहे. मी वाचलं नाही."

"का?"

"परीक्षेला नव्हतं."

"मग माझी ही परीक्षा नाही तर काय चाललंय?"

दोघी कापायच्या टेबलाशी बसल्या. पोरगी वाचत गेली. मेंदूला काही वेळ रक्त मिळालं नाही, की विसर पडतो, थकवा येतो, रडू येतं. काहींचं हळूहळू सुधारतं, काहींचं थोडं राहून जातं. एका वेळी एकच काम द्यावं, विश्रांती द्यावी, तपासायला नेत राहावं.

"म्हणजे सोंग नव्हतं," आई म्हणाली आणि नाक पुसत उठली. कात्री परत नवऱ्यापुढे ठेवली.

आता मी बापाचा. काच तडकलीय, बॅटरी दुपारीच मान टाकते. कापायच्या वेळी माझ्यात भरून ठेवलेला आईचा आवाज निघतो, "घडी घातलीत का?"

"एक होती ती काय कमी होती," तो कुरकुरतो आणि घडी घालतो.

कोट त्याला अजून झेपत नाही. कदाचित झेपणारही नाही. सदरा जमतो. दुकान उघडं आहे.

डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींनो, माणूस घरी पाठवताना त्याच्या बायकोलाही जरा खुर्ची द्या, पुढचं सांगा. नाहीतर ती त्याला सोंग म्हणते आणि त्या बिचाऱ्याला ते खरं वाटतं.