आखूड दावं

“शेपूट धरा, कानिफभाऊ. हां, आशी बाजूला घ्या.”

आसाराम बोरुडेचा डावा हात कोपराच्या वरपर्यंत गाईच्या पोटात होता. खांद्यापर्यंत चढवलेला प्लॅस्टिकचा हातमोजा आतून घामाने चिकटला होता. उजव्या हातात रेताची कांडी भरलेली गन होती. मे महिन्यातले सकाळचे नऊ, पण प्रवरेवरून येणारा वारासुद्धा तापलेला. गाय हलली, तसा आसारामही तिच्याबरोबर हलला. मग त्याने सावकाश गन बाहेर काढली, हात बाहेर काढला. शेपूट धरून उभा असलेला कानिफनाथ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. हा असा बघण्याचा एक क्षण प्रत्येक गोठ्यात असतो. आसाराम बोलेपर्यंत मालकाला धड श्वास घेता येत नाही.

“झालं काम,” आसाराम म्हणाला. “एकवीस दिवसांनी माजावर न्हाई आली, तर पेढं घिऊन या.”

“तुमच्या हाताला यश हाय, डॉक्टर.”

आसाराम डॉक्टर नव्हता. बारावीला आपटी खाल्ली, मग तीन महिन्यांचं ट्रेनिंग करून गाई भरवायच्या, म्हणजे कृत्रिम रेतनाच्या, धंद्यात पडला, त्याला बावीस वर्षं झाली. रेताच्या कांड्या गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा कंटेनर मोटारसायकलला बांधून कोल्हारपासून राहात्यापर्यंतचे गोठे त्याने पालथे घातले होते. पहिली दोन-तीन वर्षं तो “मी डॉक्टर न्हाई हो” असं सांगायचा. पुढे सांगायचं सोडून दिलं. फुकट मिळालेली पदवी परत करण्याइतका तो साधुसंत नव्हता.

“ही पलीकडची पन बघा की जरा,” कानिफनाथ म्हणाला. “विऊन पंधरा दिस झालं. खुराकाला तोंड लावीना. दूध निम्म्यावर आलं.”

गाय गव्हाणीपुढे मान टाकून उभी होती. पाठीचा कणा वर आलेला. आसारामने तिचं तोंड जवळ घेऊन वास घेतला. उतरलेल्या फळासारखा गोडसर, आणि त्यात पोरी नखांचा रंग पुसायला वापरतात त्या औषधाचा झटका.

“किटोसिस हाय. हिची सगळी साखर दुधात चाललीय, खानं पुरत न्हाई. मग बसती अंगातली चरबी जाळत. वलं लाकूड जाळल्यावर धूर हुतो ना, तसा ह्यो वास.”

“मग आता?”

“दवाखान्याच्या डॉक्टरला फोन लावा. ग्लुकोजची सलाईन देतील. तवर गूळ पाजा.”

कानिफनाथाने लगेच फोन काढला. आसारामने हात धुतले आणि घरी निघाला. त्याच्या पोरीला, स्नेहलला, दोन दिवसांपासून ऊन लागलं होतं आणि सकाळी निघताना ती झोपलेलीच होती.

घरी पडवीत पोरगी खाटेवर पडली होती. रूपाली, त्याची बायको, तिच्या तळपायांना कांद्याचा रस चोळत होती.

“तुमी गेल्यापासून तीनदा उलटी झाली,” रूपाली म्हणाली. “पानी पानी करती आन् पेलं की वकती. आन् ह्यो श्वास बघा तिचा कसा चाललाय.”

पंधरा वर्षांची पोर. गाल आत गेलेले. छाती जोरजोरात खालीवर होत होती, धावत आल्यासारखी. आसाराम तिच्या कपाळाला हात लावायला वाकला.

वास आला.

आधी त्याला वाटलं, आपल्याच हातांना गोठ्याचा वास राहिला असेल. त्याने हात नाकाशी नेऊन पाहिले. हातांना साबणाचा वास होता. तो पुन्हा वाकला. तोच वास, पोरीच्या तोंडातून येत होता. तो खाटेच्या कडेला मटकन बसला आणि आयुष्यात कधी भ्याला नव्हता इतका भ्याला.

स्नेहल अकरा वर्षांची असताना तिला शुगर निघाली. म्हाताऱ्यांना होते ती नव्हे, लहान पोरांची. तेव्हा एका डॉक्टरांनी त्याला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. आपण भाकरी खातो, तिची साखर होते, रक्तातून ती अंगाच्या कणाकणापर्यंत जाते, तिथे जळते आणि त्यावर माणूस चालतं, बोलतं. पण कणाच्या आत शिरायला साखरेला इन्सुलिन लागतं, आणि हिच्या अंगात ते तयारच होत नाही. आसारामने ते आपल्या परीने समजून घेतलं. गव्हाण वैरणीने भरलेली आहे, पण दावं आखूड आहे. जनावर वैरणीकडे बघत बघत उपाशी मरतं. इन्सुलिन म्हणजे दावं सैल करणारा हात. तेव्हापासून चार वर्षं सकाळ-संध्याकाळ पोरगी स्वतःच्या हाताने पोटात सुई टोचून घेत होती, आणि दावं सैल होत होतं.

मग आता काय झालं, हे त्याला ठाऊक होतं. घरात ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात गावची डीपी जळाली. तीन दिवस वीज नव्हती. रूपाली आणि स्नेहल राहात्याला मामाकडे लग्नाला गेल्या होत्या. चालू बाटली स्नेहलने बरोबर नेली होती, दोन नव्या घरी फ्रिजमध्ये होत्या. फ्रिज चुलीसारखा तापला तसा आसाराम घाबरला. बावीस वर्षं त्याच्या डोक्यात एकच नियम पक्का बसलेला: माल जितका गार, तितका जिवंत. कंटेनरमधला नायट्रोजन आटला की कांडीतला जीव मेला. त्याने दोन्ही बाटल्या फडक्यात गुंडाळल्या आणि दोरीने कंटेनरच्या गळ्यात टांगल्या. नायट्रोजनला टेकू दिल्या नाहीत, तेवढी काळजी घेतली, आणि झाकण लावलं. सकाळी बाटल्या दगडासारख्या गोठल्या होत्या. काच तडकली नाही याचंच त्याला समाधान. मग वापरण्याआधी गोठलेली कांडी सोडवतात तसं त्याने कोमट पाणी घेतलं आणि बाटल्या त्यात धरल्या. कांडीतला जीव असाच परत हलायला लागतो. हे औषधही परत पहिल्यासारखं होईल, असं तो धरून चालला.

बाटलीतलं औषध दुधासारखं पांढरं. त्यात बारीक कण दिसले. त्याने बाटली तळहातांत घोळली, कण कमी झाल्यासारखे वाटले. वीज आल्यावर त्याने बाटल्या परत फ्रिजमध्ये ठेवल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? डॉक्टरने औषध गार ठेवलं, एवढंच.

जुनी बाटली सोमवारी संपली. मंगळवारी पोरीने नवी फोडली. बुधवारी मशिनवर साखर साडेतीनशेच्या वर आली, आणि घरात आंब्यांची पाटी होती.

“लपून खाल्लास ना?” रूपालीने विचारलं होतं.

“न्हाई, मम्मी. शपथ.”

“मंग साखर काय वाऱ्यानं चढली? लग्नात पन गुलाबजाम खाल्लं असशील!”

“न्हाई गं खाल्लं!” पोरगी रडली होती. मग आसारामकडे बघून म्हणाली होती, “पप्पा, तुमी सांगा ना हिला.”

आसाराम चप्पल घालून बाहेर गेला होता. मनात एक शंका डोकावली होती, आणि तिला बसायला पाट द्यायची त्याची हिंमत झाली नव्हती.

आता आज शुक्रवार. तीन दिवस पोरगी पाणी टोचून घेत होती.

“मशिन आन,” तो म्हणाला. रूपालीने बोटातून थेंब काढला. मशिनवर आकडा आलाच नाही. मशिनला मोजता येईल त्याच्या पलीकडे साखर गेली होती.

त्याचा हात आपोआप त्याच्या बॅगेत गेला. बॅगेत ग्लुकोजची बाटली होती, डॉक्टर मिळाला नाही तर गाईला द्यायला ठेवलेली. हा वास आला की ही बाटली, हे हाताला इतकं पाठ होतं की बाटली बाहेर आल्यावरच त्याला कळलं आपण काय धरलंय. त्याने ती चटका बसल्यासारखी खाली ठेवली. गाईच्या अंगात साखर संपलेली असते. हिच्या रक्तात साखरेचा पूर आलाय आणि अंगाच्या कणांत घोटभरही शिरत नाही. वास एक, औषध उलटं.

“पार गळून गेलीय हो,” रूपाली आतून आली. हातात पेला होता. “गूळपानी देते दोन घोट.”

“न्हाई!”

तो इतक्या जोरात ओरडला की पेला तिच्या हातातून सुटला. गुळाचं पाणी फरशीवर पसरलं. रूपाली त्याच्याकडे बघतच राहिली.

“कानिफभाऊची पिकअप बोलवतो. हॉस्पिटलला चला. आत्ताच्या आत्ता.”

पिकअपमध्ये रूपालीने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. आसारामने तिचे पाय धरले. दोन्ही बाटल्या त्याच्या शर्टाच्या खिशात होत्या, एक फोडलेली आणि एक कोरी. रस्त्यावर दुधाचे टँकर, रसवंतीच्या चरकांची घुंगरं, सगळं नेहमीचं चालू होतं. पोरीचा श्वास मोठा मोठा होत गेला. मध्येच ती काहीतरी पुटपुटली. आसारामने कान लावला.

“न्हाई खाल्ला,” ती म्हणत होती. “न्हाई खाल्ला.”

त्याने देवाला काही कबूल केलं नाही. त्याला भीती वाटली की तोंड उघडलं तर बाटल्यांचंच निघेल. तो नुसता श्वास मोजत राहिला आणि दोन श्वासांच्या मधे आपलाही थांबवत राहिला.

हॉस्पिटलात पोरीला स्ट्रेचरवरून आत नेलं. सलाईन लागली, रक्त गेलं. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आली. कोटावर नाव होतं, डॉ. प्रज्ञा साळवे.

“रक्तात आम्ल खूप वाढलंय. वेळेत आणलंत, पण पुढचे काही तास काळजीचे आहेत. इंजेक्शनं चुकवली होती का तिने?”

“न्हाई मॅडम,” रूपाली म्हणाली. “माझ्यासमोर घेती. पन आंबं हायेत घरात. लपून खाती, काय करायचं? लई समजावलं.”

“नुसत्या आंब्याने इतकं होत नाही, ताई. या वयात मुली कंटाळतात आणि इंजेक्शन घेतल्यासारखं दाखवतात. शुद्धीवर आली की मी बोलते तिच्याशी. नीट समज द्यावी लागेल.”

“ह्यांनीच वळाखलं बरं का, मॅडम,” मागून कानिफनाथ म्हणाला. “हे बी डॉक्टर हायेत. आमच्या भागातले.”

डॉक्टरने आसारामकडे पाहिलं. “तुम्ही डॉक्टर आहात?”

व्हरांड्यात पंखा कुरकुरत होता. बाकावर चार माणसं बसली होती. त्यांतल्या दोघांच्या गाई आसारामने भरवल्या होत्या. आत पोरीला समज देणार होते. न खाल्लेल्या आंब्याची आणि न चुकवलेल्या सुईची.

“न्हाई,” तो म्हणाला. “मी डॉक्टर न्हाई. गाई भरवतो मी.”

त्याने खिशातून बाटल्या काढून तिच्या हातावर ठेवल्या.

“लाईट न्हवती. ह्या मी नायट्रोजनच्या कंटेनरमधी ठेवल्या हुत्या, रातभर. दगड झाल्त्या. मंग कोमट पान्यात सोडवल्या. पोरीनं एक बी सुई चुकवली न्हाई. तिनं काय बी खाल्लं न्हाई. माझ्यामुळं झालं ह्ये.”

डॉक्टरने बाटली उजेडासमोर धरली. काचेला आतून पांढरे कण चिकटले होते.

“गोठलं की इन्सुलिन संपतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “परत होत नाही ते. माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवली असतीत, तरी चाललं असतं.”

घरात माठ होता. फडकी होती. कानिफनाथ खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. रूपाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि आसारामला वाटलं, तिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपार अशीच गेली. दर तासाला आतून कुणी यायचं, तो उठून उभा राहायचा, आणि ते दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारायचे. पाचच्या सुमाराला त्यांना आत सोडलं. स्नेहलचे डोळे उघडे होते. श्वास आता संथ चालला होता. आसारामने वाकून वास घेतला. औषधांचा वास येत होता, बाकी कसला नाही.

“पप्पा,” ती म्हणाली. ओठ फुटले होते. “मम्मीला सांगा ना. मी आंबं खाल्लं न्हवतं.”

“सांगितलं,” तो म्हणाला. पुढचं सगळं सांगायचं होतं. ते सांगायला त्याला दुसरा दिवस उजाडावा लागला, आणि सांगताना तो तिच्याकडे नाही, सलाईनच्या बाटलीकडे बघत होता. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तवाच सांगायचं ना, पप्पा. मशिन बघितलं तवा.” एवढंच.

आता घरात फ्रिजशेजारी माठातला माठ आहे, मधे ओली वाळू भरलेली. वीज गेली की बाटल्या त्यात जातात. ते काम स्नेहल करते. आसारामने कधी हात पुढे केला नाही. गावात लोक अजून त्याला डॉक्टर म्हणतात. तो प्रत्येकाला “न्हाई हो” म्हणतो, आणि लोक समजतात, माणूस आता मोठा झाला, नम्र झाला.

रोज सकाळी गोठ्यांची फेरी सुरू करण्याआधी तो पडवीच्या दारात थांबतो. स्नेहल बाटली काढते, तळहातांत हळू घोळते, आणि उजेडासमोर धरून बघते. फिरवून फिरवून बघते, घाई करत नाही. कंटेनर खांद्याला लावून आसाराम तिच्या तोंडाकडे बघत उभा असतो.

“ठीक हाय,” ती म्हणते.

तेव्हा कुठे तो श्वास सोडतो आणि मोटारसायकलला किक मारतो.